पावसाळ्यातले घरचे बाळंतपण : मुंबईतला एक अनुभव

माझे दुसरे बाळंतपण १३ जुलै २०२४ रोजी पहाटे, विलेपार्ले पूर्वेला माझ्या माहेरच्या घरी झाले. त्याआधीचे काही महिने मी मुंबईत कोणी असे केले आहे का, याचा शोध घेत होते, तेव्हा हाती लागलेले लेखन एक तर भारावून जाऊन लिहिलेले असे किंवा वाचणाऱ्याची झोप उडवणारे असे. कोणाकडे जायचे, किती पैसे बाजूला काढायचे, घरी जन्मलेल्या मुलाची नोंद कोणी करायची, या साध्या प्रश्नांची उत्तरे त्यात नव्हती. म्हणून जे घडले ते क्रमाने लिहून ठेवत आहे. मी डॉक्टर नाही आणि कोणी घरीच बाळंत व्हावे असा माझा आग्रहही नाही.

माझी मुलगी जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत एका खाजगी रुग्णालयात झाली. कोविडच्या नियमांमुळे नवऱ्याला आत सोडले नाही, ते समजण्यासारखे होते. पण पाठीवर झोपवून ठेवलेले ते तास, कोणीही न सांगता दिलेला छेद आणि त्याचे टाके भरून येईपर्यंत बसता न येणे, हे मात्र मनातून गेले नाही. दुसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मला ओळखीची माणसे जवळ हवी होती आणि हिंडण्या-फिरण्याची मोकळीक हवी होती. रुग्णालयाशी वैर करायचे नव्हते. तरीही डिसेंबरमध्ये हा विचार मी घरात बोलून दाखवला तेव्हा पहिला विरोध आईनेच केला. तिची आत्या कोकणात घरी बाळंत झाली आणि त्याच रात्री अंगावरून रक्त जाऊन वारली. खाडीपलीकडे दवाखाना होता, पण रात्री होडी मिळाली नाही. आईने एवढेच विचारले, "तुझ्या होडीचं काय?" पुढच्या सात महिन्यांतली आमची निम्म्याहून अधिक तयारी या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात गेली.

स्त्रीरोगतज्ज्ञ मिळवणे हे सर्वांत अवघड काम ठरले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत होतात, आणि शासनाचा सारा भरही संस्थात्मक प्रसूतीवरच आहे, त्यामुळे घरच्या बाळंतपणाला पाठीशी उभा राहणारा डॉक्टर सहजी सापडत नाही. एका ठिकाणी माझे बोलणे पूर्ण होण्याआधीच फाइल परत सरकवण्यात आली. दुसऱ्या ठिकाणी स्वागतकक्षातूनच सांगण्यात आले की, नाव नोंदवायचे तर प्रसूती येथेच करण्याचे लिहून द्यावे लागेल. अखेर फेब्रुवारीत अंधेरी पूर्वेला एका छोट्या प्रसूतिगृहातल्या डॉक्टरबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. त्या म्हणाल्या, "घरी बाळंत व्हा म्हणून मी सांगणार नाही. पण तुम्ही घरी राहणारच असाल, तर माझ्या अटींवर राहा, म्हणजे मला अचानक फोन आला तर माझ्याकडे तुमचे कागद असतील."

त्यांच्या अटी एका कागदावर लिहिलेल्या होत्या आणि त्याखाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या गेल्या. गर्भ एकच असावा, त्याचे डोके खाली असावे, आधीचे सिझेरियन नसावे, रक्तदाब आणि साखर ठीक असावी, हिमोग्लोबिन अकराच्या खाली नसावे, वार, म्हणजे नाळेतून बाळाला पोसणारा अवयव, गर्भाशयाच्या तोंडाशी नसावी, आणि कळा ३७ ते ४२ आठवड्यांच्या दरम्यान सुरू झालेल्या असाव्यात. ताप, हिरवट गर्भजल, बाळाच्या ठोक्यांत बिघाड किंवा पाणी जाऊन बराच वेळ होऊनही कळा नसणे, यांपैकी काहीही झाले तर वाद न घालता निघायचे. पहिलटकरणीला त्यांनी होच म्हटले नसते, हेही त्यांनी स्पष्ट केले. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात घरी बाळंत व्हायचे ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी सुमारे ४५ टक्क्यांना ऐनवेळी रुग्णालयात हलवावे लागले आणि त्यांच्या बाळांना असलेला धोकाही रुग्णालयातल्या बाळांपेक्षा अधिक आढळला. आधी बाळंत झालेल्यांमध्ये हलवण्याचे प्रमाण साधारण १२ टक्के होते आणि बाळांच्या धोक्यात तसा फरक दिसला नाही. मात्र तिथल्या सुईणी सरकारी आरोग्यसेवेचा भाग असतात आणि मागे रुग्णवाहिका उभी असते, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा मुंबईला लावू नका, असेही त्यांनी बजावले. मला त्यांचे हे बोलणे फार आवडले.

सुईण, म्हणजे आमच्या ताई, डॉक्टरबाईंच्याच ओळखीतून मिळाल्या. त्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असलेल्या परिचारिका असून अनेक वर्षे प्रसूतिकक्षात काम केलेल्या आहेत. ज्यांना कोणाला बोलवायचे असेल, त्यांची नोंदणी, टाके घालण्याचा आणि नवजात बाळाला श्वास देण्याचा सराव, आणि सोबत दुसरे प्रशिक्षित माणूस येणार की नाही, हे विचारायला संकोच करू नये. चांगली सुईण या प्रश्नांनी दुखावत नाही. ताईंची फी ८०,००० रुपये होती. त्यात सातव्या महिन्यापासूनच्या घरभेटी आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे धरलेले होते. मदतनीस परिचारिकेचे १५,००० वेगळे. प्रसूतिगृहात नाव नोंदवण्याचे ५,०००, आणि पॅड, हातमोजे, औषधे, प्लास्टिकच्या चादरी यांचे मिळून सुमारे ६,००० झाले. आमच्या विमा पॉलिसीत प्रसूतीचा लाभ रुग्णालयात दाखल झाल्यासच होता, म्हणजे हा सारा खर्च खिशातून झाला. तपासण्या धरून हिशेब सव्वा लाखाच्या आसपास गेला. घरचे बाळंतपण स्वस्तात होते, ही समजूत निदान मुंबईत तरी मनातून काढून टाकावी.

मार्चअखेर ताई आमचे घर पाहायला भांडुपला आल्या, आणि त्यांनी ते नापसंत केले. तिसरा मजला, लिफ्ट नाही, जिना इतका अरुंद की वळणावर स्ट्रेचर फिरत नाही. त्या स्वतः जिन्याच्या वळणावर उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरले आणि मान हलवली. माहेरचे घर तळमजल्यावर आहे आणि दारापर्यंत गाडी येते, म्हणून पार्ले ठरले. प्रसूतिगृह अंधेरी पूर्वेला असल्याने रेल्वेमार्ग ओलांडावा लागणार नव्हता, ही त्यातली मोठी जमेची बाजू. रुळांखालून जाणारे अंधेरी सबवे आणि मिलन सबवे पावसाळ्यात पाण्याने कसे भरतात, हे या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. महापालिका दरवर्षी साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीच्या तारखा जाहीर करते. ती यादी बाबांनी स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवली आणि माझी २६ जून ते ३१ जुलै ही मुदत लाल शाईने अधोरेखित केली. दिलेली तारीख १७ जुलै होती, म्हणजे नेमकी आषाढी एकादशी, त्यामुळे बाळाचे नाव सगळ्या आळीने आधीच ठरवून टाकले होते.

एक गोष्ट आम्ही मे महिन्यातच उरकली, आणि तिचा पुढे फार उपयोग झाला. जन्माची नोंद आईवडील राहतात तिथे होत नाही, जन्म जिथे होतो त्या विभागाच्या कार्यालयात होते. नवरा पार्ल्याच्या हद्दीतल्या विभाग कार्यालयात जाऊन घरच्या जन्मासाठी काय काय लागेल, ते लिहून घेऊन आला. शिवाय माहेरच्या जवळच्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात मी नाव नोंदवले आणि माता-बाल संरक्षण कार्ड काढून घेतले. तिथल्या परिचारिकांनी घरी बाळंत होण्याबद्दल चार शब्द सुनावले, ते निमूटपणे ऐकून घेतले. त्यांचे ते कामच आहे.

२६ जूनपासून आमची 'होडी' दारात आली. आळीतल्या एका टॅक्सीचालकाशी ठरवून त्यांची गाडी रोज रात्री फाटकाशी, तोंड रस्त्याकडे करून उभी राहू लागली. रात्रीचे ५०० रुपये. रुग्णालयाची पिशवी, फाइल आणि रोख रक्कम दाराशेजारच्या खुर्चीवर असे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका होतीच, पण तिच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे नाही, असे ठरले होते.

८ जुलैला मध्यरात्रीनंतर पावसाने शहर झोडपून काढले. सकाळी सात वाजेपर्यंत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि मध्य रेल्वे ठप्प झाली. नवरा भांडुपला, मी पार्ल्याला, ताई चेंबूरला. त्या दिवशी कळा सुरू झाल्या असत्या तर माझ्यापर्यंत कोणीच पोहोचले नसते, हे सरळ दिसत होते. त्याच संध्याकाळी बेत बदलला : नवऱ्याने रजा टाकून मुक्काम हलवला, आणि ताईंनी मदतनीस म्हणून अंधेरी पूर्वेलाच राहणारी परिचारिका नेमली. कोणी पावसाळ्यात हे करणार असेल, तर रेल्वे आणि रस्ते दोन्ही बंद आहेत असे धरूनच माणसे निवडावीत.

शुक्रवारी १२ जुलैला संध्याकाळी कंबर दुखू लागली. आठच्या सुमारास कळा दहा-बारा मिनिटांनी येत होत्या. मुलीला जेवू घालून बहिणीकडे पाठवले आणि ताईंना फोन केला. त्या आठवड्याच्या अखेरीस वांद्रे-कुर्ला संकुलात एक बडे लग्न होते आणि त्यासाठी तिथल्या वाहतुकीवर निर्बंध होते, म्हणून त्या घाटकोपरवरून वळसा घालून अकरापर्यंत आल्या. परक्याच्या लग्नाची आम्ही एवढी चौकशी आयुष्यात केली नव्हती.

ताईंनी रक्तदाब, ताप, बाळाचे ठोके पाहिले, गर्भाशयाचे तोंड किती उघडले आहे ते आतून तपासले आणि "तीन बोटं नाही, तीन सेंटिमीटर. झोपा," असे सांगून स्वतः चहा प्यायल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे कळांचा खरा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरला जातो. त्याआधी घाई केली की बाई दमते, एवढेच त्यांनी समजावले. झोप काही आली नाही. मी मधल्या खोलीतून न्हाणीघरापर्यंत फेऱ्या मारत राहिले, कळ आली की खिडकीच्या गजांना धरून कंबर सैल सोडत राहिले, आणि आई गरम पाण्याची पिशवी पाठीला लावत राहिली. दर पंधरा मिनिटांनी बाळाचे ठोके मोजणारा डॉपलर पोटावर टेकवला जाई. ठोके ११० ते १६० च्या दरम्यान राहिले पाहिजेत, हे मला ठाऊक असल्याने मी प्रत्येक वेळी आकडा विचारत असे. दोनच्या पुढे विचारायचे सुचेना.

तीननंतर कळांमध्ये उसंतच मिळेना. मला आता हे नको, रुग्णालयात चला, भूल द्या, असे मी स्पष्ट शब्दांत म्हटले. ताईंनी माझे बोलणे मोडीत काढले नाही. तपासले आणि सांगितले की, तोंड जवळजवळ पूर्ण उघडले आहे, निघायचे असेल तर आत्ता निघू, पण बाळ गाडीत होण्याची शक्यता आहे. मी राहिले. हा क्षण बहुतेक बायकांना येतो असे नंतर कळले, आणि त्या वेळी तुमच्या बोलण्याकडे दुर्लक्ष न करणारे माणूस शेजारी असणे किती मोलाचे आहे, हेही. पुढचा पाऊण तास मी गुडघ्यांवर, पलंगाच्या कडेवर कोपर टेकून होते. ठोके आता दर पाच मिनिटांनी पाहिले जात होते. बाहेरच्या खोलीत बाबा त्याच दिवसाचे वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचत बसले होते. चार वाजून बावन्न मिनिटांनी मुलगा झाला, लगेच रडला आणि माझ्या छातीवर आला.

ताईंनी मांडीत ऑक्सिटोसिनचे, म्हणजे गर्भाशय आवळून धरणाऱ्या औषधाचे, दहा युनिटांचे इंजेक्शन दिले. हे औषध थंड ठेवावे लागते, त्यामुळे गेले पंधरा दिवस त्याचा डबा आमच्या फ्रिजमध्ये सायीच्या पातेल्याशेजारी होता. नाळेची धडधड थांबल्यावर, सुमारे तीन मिनिटांनी, ती नवऱ्याने कापली. पंधरा मिनिटांत वार पडली. ती स्टीलच्या परातीत पसरून, बॅटरीच्या उजेडात कडेकडेने बोट फिरवत तिचा एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे ताईंनी पाहिले. आणि मग गर्भाशय सैल पडले. अंगावरून एकदम जास्त जाऊ लागले. ताईंचा आवाज बदलला नाही, पण वाक्ये तुटक झाली : एक हात माझ्या पोटावर दाब देत होता, मदतनीस बाईंनी जिभेखाली गोळ्या ठेवल्या, नवऱ्याने प्रसूतिगृहाला फोन लावला आणि बाबांनी चालकाला उठवले. गाडीचे इंजिन सुरू झाल्याचा आवाज मला आत ऐकू आला. दहा-बारा मिनिटांत गर्भाशय घट्ट झाले आणि रक्त आटोक्यात आले. पॅड वजन करून अंदाज काढला तेव्हा साधारण ४५० मिलिलिटर भरले. ५०० च्या वर गेले की तो अतिरक्तस्राव मानतात. गाडी आणखी दोन तास सुरू करण्याच्या तयारीत दारातच ठेवली होती. आई त्या वेळी काही बोलली नाही. आत्याची आठवण तिला झालीच असणार.

बाळाचे वजन ३.१ किलो भरले. जीवनसत्त्व 'के'चे इंजेक्शन ताईंनीच दिले आणि पहिल्या तासाभरात बाळ चीक प्यायले. मला एक लहानशी चीर गेली होती, टाका लागला नाही. वार पिवळ्या पिशवीत बांधून प्रसूतिगृहाच्या जैविक कचऱ्यात गेली. ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही, म्हणून ही सोय आधी बोलून ठेवावी.

रुग्णालयात आपोआप होणाऱ्या गोष्टी घरी स्वतःहून लक्षात ठेवून कराव्या लागतात. हेपटायटिस-बीची पहिली मात्रा २४ तासांच्या आत द्यायची असते आणि दुसरा दिवस रविवार होता, म्हणून बालरोगतज्ज्ञांना शनिवारीच दुपारी घरी बोलावले. त्यांचे २,५०० रुपये झाले. त्यांनी बाळाची तपासणी करून ती लस आणि पोलिओचे थेंब दिले, शिवाय तपासणीचे प्रमाणपत्र लिहून दिले, ते पुढे नोंदणीत कामी आले. बीसीजीची कुपी एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते, त्यामुळे ती लस ठरावीक वारीच मिळते. आरोग्य केंद्रात पुढच्या आठवड्यात मिळाली. थायरॉइडसाठी टाचेतून रक्त तिसऱ्या दिवशी घेतले, आणि श्रवणचाचणी महिना भरण्याआधी करून घेतली. तिसऱ्या दिवशी कावीळ दिसू लागली, तीही रक्त तपासून खात्री करून घेतली, उपचार लागले नाहीत. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू मी आनंदाने खाल्ले. धुरी आणि बाळाला मध चाटवणे मात्र बालरोगतज्ज्ञांच्या तोंडून आजीला नाही म्हणवून घेतले, कारण माझे तिने ऐकले नसते.

बारसे २४ जुलैला झाले आणि नावासह नोंदणीचा अर्ज २९ जुलैला दिला. जन्माची खबर २१ दिवसांच्या आत, म्हणजे आमच्या बाबतीत ३ ऑगस्टपर्यंत, विनाशुल्क देता येते. ३० दिवसांपर्यंत विलंबशुल्क, त्यानंतर वर्षापर्यंत लेखी परवानगी आणि वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश, अशी ती वाट अवघड होत जाते. नाव ठरले नसेल तर नावाशिवाय नोंद करावी, नाव वर्षभरात विनाशुल्क घालता येते. घरी झालेल्या जन्माची खबर कायद्याने कुटुंबप्रमुखाने द्यायची असते, त्यामुळे सही बाबांची लागली, नवऱ्याची नव्हे. आमच्याकडून बाबांच्या घराचा पुरावा, आम्हा तिघांची आधार कार्डे, डॉक्टरबाईंचे गरोदरपणातल्या तपासण्यांचे पत्र, ताईंचे नोंदणीक्रमांकासह लेखी निवेदन, बालरोगतज्ज्ञांचे प्रमाणपत्र आणि माता-बाल संरक्षण कार्ड घेतले. अर्जात प्रसूतीच्या वेळी कोण हजर होते, असा एक रकाना असतो : शासकीय संस्था, खाजगी संस्था, डॉक्टर-परिचारिका किंवा प्रशिक्षित सुईण, पारंपरिक सुईण, नातेवाईक. खिडकीतल्या कारकुनांनी तिसऱ्या पर्यायावर पेन ठेवून बाबांकडे पाहिले आणि विचारले, "पार्ल्यात?" बाबा म्हणाले, "हो, पार्ल्यात."

त्यानंतर आरोग्य केंद्रातून परिचारिका आणि आरोग्य सेविका पडताळणीसाठी घरी येऊन गेल्या. मला ओळखतच होत्या, त्यामुळे बाळाला पाहून, कार्डावर नोंद करून आणि पुढच्या लसींच्या तारखा सांगून पंधरा मिनिटांत निघाल्या. ज्यांचे नाव आधी कुठेच नोंदलेले नसते, त्यांच्या बाबतीत हाच टप्पा लांबतो, असे त्यांनीच सांगितले.

प्रमाणपत्र ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मिळाले. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला लागतो, तेव्हा आईवडिलांच्या नावांचे मराठी आणि इंग्रजी शुद्धलेखन आधार कार्डाशी जुळवून खिडकीवरच तपासावे आणि प्रती जास्तीच्या घ्याव्यात. आमच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून माहेरचा पत्ता आहे आणि कायमचा पत्ता भांडुपचा. दोन पत्ते वेगळे का, असे बाल आधार काढताना विचारले गेले. दाखला पुढे केल्यावर काम झाले.